पाहुणे अजून यायचे आहेत

सकाळी दहाच्या सुमारास टिल्लूच्या दुकानात एक माणूस आला आणि काही न बोलता सरळ मोठ्या वजनकाट्यावर जाऊन उभा राहिला. टिल्लूला त्याचं नवल वाटलं नाही. वजनकाटे दुरुस्त करण्याचं दुकान म्हटलं की लोक असंच करतात. कुणी पत्ता विचारायला आला तरी आधी काट्यावर चढतो.

"दुरुस्त झालाय की व्हायचाय?" आकडा बघून माणसाने विचारलं.

"व्हायचाय. पाच किलो जास्त दाखवतो."

"मग ठीक," असं म्हणून माणूस खाली उतरला आणि त्याने बगलेतली फाईल गल्ल्यावर ठेवली. फाईल इतकी जुनी होती की तिची नाडी सुटली नाही, तुटली. "टिल्लू आपणच ना?"

टिल्लू आपल्या स्टुलावरून उठून उभा राहिला, आणि उठता उठता छताचा दिवा चुकवायला त्याने मान वाकडी केली. तो सहा फूट उंच होता. वय बावन्न. तरी बायको, आई, शेजारी आणि गिऱ्हाइकं, सगळी त्याला टिल्लूच म्हणत. लहानपणी तो वर्गात सगळ्यांत बुटका होता. पुढे सोळाव्या वर्षी एकदम ताडासारखा वाढला, पण तोवर नाव पक्कं झालं होतं.

"मी स्वागत खात्यातला कारकून," तो माणूस म्हणाला. "अकरा दिवसांनी निवृत्त होतोय. कपाट रिकामं करून द्यायचंय. सगळ्या फायली मिटल्या, एक तेवढी राहिली. तुमची."

"माझी कसली फाईल?"

"तुमची म्हणजे तुमच्या रांगेची. चौथीचा वर्ग, सदतीस मुलं, शाळेसमोरचा रस्ता. मोठे पाहुणे येणार होते. आठवतं का?"

टिल्लूच्या पोटात गोळा आला. हातातली पातळ कानस त्याने खाली ठेवली. आठवतं का म्हणे! गेल्या त्रेचाळीस वर्षांत असा एक दिवस गेला नव्हता की ती रांग त्याला आठवली नाही.

"ते पाहुणे आलेच नाहीत," तो हळूच म्हणाला.

"आले नाहीत, पण रद्दही झाले नाहीत. इथे बघा." कारकुनाने पिवळ्या कागदावर बोट ठेवलं. "भेट पुढे ढकलली आहे. पुढे कधी, ते लिहायचं राहिलं. आता मी लिहिलंय. येत्या गुरुवारी, सकाळी आठला."

"अहो, पण ते पाहुणे वारले. मी दहावीत होतो तेव्हा."

"वारले. त्यांच्या जागी दुसरे आले, तेही वारले. मग ते पदच काढून टाकलं." कारकुनाने उसासा सोडला. "पण भेट कुणी काढून टाकली नाही. गाडी मंजूर आहे, गाडी येईल. मागची सीट पाहुण्यांसाठी राखीव राहील. तुम्ही फक्त उभं राहायचं. आणि एक वाक्य म्हणायचं. ते तुमच्याकडे आहे असं इथे लिहिलंय."

वाक्य होतं. आजही जिभेच्या टोकावर होतं.

कारकुनाने खिशातून टेप काढला आणि टिल्लूची उंची घेतली. फाईलमधला आकडा पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तीन फूट दहा इंच लिहिलंय. हा फरक कशामुळे?"

"त्रेचाळीस वर्षांमुळे."

"कारण, विलंब," असं पुटपुटत त्याने रकाना भरला. "आणि हो, या कागदावर पालकांची सही आणा. दहा वर्षांखालच्या मुलांना ती लागते."

"मी बावन्न वर्षांचा आहे."

"फाईलमध्ये नऊ आहे," कारकून म्हणाला. "मी काय फाईलपेक्षा शहाणा?"

कारकून गेला आणि टिल्लूने सहीचा कागद घडी करून खिशात ठेवला. इतर कुणासाठी हा गमतीचा मामला असता. त्याच्यासाठी तो नव्हता, आणि त्याचं कारण समजायला आपल्याला त्या वर्गात जाऊन बसावं लागेल.

देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी टिल्लू जन्मला, आणि त्याच्या वर्गातली बाकीची मुलंही. त्यामुळे मास्तर त्यांच्यावर फार जीव टाकत. मास्तर तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे, अंगाने काटकुळे, गळ्यात शिट्टी. वर्गाच्या भिंतीवर त्यांनी स्वतः देशाचा नकाशा रंगवला होता. रंग स्वस्तातला, तो कधी वाळलाच नाही. जो टेकेल त्याच्या पाठीवर एखादी नदी उमटायची. गणितंसुद्धा सगळी नव्या देशाची असत. एका धरणाला इतक्या विटा, तर अशा सात धरणांना किती? एका गावात एक रेडिओ, तर तो ऐकायला बसलेल्या माणसांचे कान किती? शाळेत दुधाची पावडर यायची. ती पाण्यात कालवून प्यायची, आणि प्यायल्यावर वरच्या ओठाला आलेली मिशी दुपारपर्यंत पुसायची नाही, अशी पोरांची रीत होती.

"देश तुमच्याच वयाचा आहे," मास्तर सांगायचे. "तुम्ही वाढलात की तो वाढतो."

मास्तर हे सगळ्यांना उत्तेजन द्यायला म्हणत. पण मूल कुठली गोष्ट कशी मनावर घेईल याचा नेम नसतो. टिल्लू दोन वर्षांत अर्धा इंचही वाढला नव्हता. त्याने हिशोब केला की देश अडकलाय तो आपल्यामुळे. तो रोज संध्याकाळी दाराच्या चौकटीला लोंबकळायचा. दुधाची पावडर दुप्पट प्यायचा. कुठे पूल खचला असं रेडिओवर आलं की रात्री त्याला जेवण जायचं नाही.

अशात मोठे पाहुणे येणार असल्याची बातमी आली. मास्तरांनी रस्त्यावर चुन्याने सदतीस गोल काढले. उंचीप्रमाणे रांग, सगळ्यांत बुटका पहिला. पाहुण्यांची गाडी रांगेच्या टोकाशी थांबणार आणि पहिल्या मुलाने वाक्य म्हणायचं. वाक्य मास्तरांनीच रचलं होतं: 'पाहुणे, आम्ही लहान आहोत, पण रोज थोडे थोडे वाढत आहोत. तोवर आम्हाला सांभाळून घ्या.' आयुष्यात प्रथमच टिल्लूच्या बुटकेपणाला किंमत आली होती.

सकाळी आठला मास्तरांनी शिट्टी वाजवली. "सावधान! मी विश्राम म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही."

दहा वाजले, बारा वाजले. कागदी झेंड्यांचा रंग घामाने हातावर आला. दीडच्या सुमारास टिल्लूला इतकी लागली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. विचारायची छाती होईना. मास्तरांची पाठ वळल्याचं बघून तो वाकून पळाला आणि समोरच्या धान्याच्या कोठाराआड गेला. तो तिथे असतानाच रस्त्यावरून गाडीचा आवाज आला. आली, थोडी थांबली, गेली. धावत परत येऊन तो आपल्या गोलात उभा राहिला. कुणी काही बोललं नाही. संध्याकाळपर्यंत दुसरी गाडी आली नाही. दिवेलागणीला आया आल्या आणि आपापलं मूल कानाला धरून घेऊन गेल्या. मास्तर एकटे रस्त्यात उभे राहिले. विश्राम म्हणायचं राहून गेलं.

पाहुणे आले, रांगेच्या टोकाशी रिकामा गोल बघितला आणि परत गेले. टिल्लूने हे आपल्या मनाशी पक्कं केलं आणि तोंडाला कुलूप लावलं; लोकांत तोही म्हणायचा, पाहुणे आलेच नाहीत. पुढे देशात काही बिनसलं की त्याला पहिल्यांदा ते कोठार दिसायचं. तो झोपायचासुद्धा ताठ, हात मांड्यांना चिकटवून. "कुठल्या फलाटावर निजलाय?" बायको लग्नानंतर वर्षभर विचारायची. मग तिने विचारणं सोडलं.

आता तीच रांग परत लागणार होती. काय वाटेल ते होवो, या खेपेला गोल सोडायचा नाही. मास्तरांच्या देखत वाक्य म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मास्तर अठ्ठ्याऐंशी वर्षांचे झाले होते. तिसरी खेप मिळायची नव्हती.

अडचण एकच होती. गेली चार वर्षं टिल्लूला साखरेचा आजार होता आणि दर पाऊण तासाने त्याला उठावं लागायचं.

आई एक्याऐंशी वर्षांची. कागद डोळ्यांपाशी नेऊन तिने नीट वाचला.

"किती वाजता सुटणार?"

"ते लिहिलेलं नाही."

"मागेही लिहिलं नव्हतं. ऊन लागून आला होतास. तीन दिवस ताप! मी नाही सही करणार."

"आई, मला पन्नास वर्षं होऊन गेली."

"मग? ऊन काय वय विचारून लागतं?"

बायको आतून म्हणाली, "द्या हो सही, सासूबाई. एकदाचे उभे राहून येऊ देत. निदान मग आडवे तरी नीट होतील."

आईने सही केली, पण अट घातली. टोपी घालायची आणि निघताना तांब्याभर पाणी प्यायचं, तिच्यासमोर. गुरुवारी सकाळी टिल्लू ते पाणी घोट घोट करून प्यायला. बायको दारात कपाळाला हात लावून उभी होती.

शाळेसमोरचा रस्ता आता चौपट रुंद झाला होता, त्यामुळे जुनी रांग बरोबर रस्त्याच्या मधोमध येत होती. कारकून म्हणाला, जागा बदलायचा अधिकार मला नाही. गाड्या दोन्ही बाजूंनी वळसे घालून जात होत्या. मास्तर वाकून, मुठीतला चुना सोडत, आठवणीने सदतीस गोल काढत होते. एका गोलाला किती वेळ लागतो ते विचारू नका. पण एकही वेडावाकडा आला नाही.

बावीस जण आले होते. एक बँकेचा साहेब, एक दातांचा डॉक्टर, दोघी आज्या, एकजण नातवाची सायकल घेऊन. उंचीचा सगळा घोळ झाला होता. मागे उभा राहणारा लंबू कमरेत वाकला होता आणि सगळ्यांच्या पुढे टिल्लू खांबासारखा उभा होता. त्याच्यामागे दुसऱ्या नंबरला भिंगरी. ही पूर्वीही बुटकी आणि आताही तेवढीच. मोठ्या दवाखान्यात मुख्य नर्स होती आणि अजून एका जागी तिला उभं राहवत नव्हतं.

"टिल्ल्या, मला काही दिसत नाही. जरा बस की खाली."

"गप्प. मास्तर बघतायत."

मास्तरांनी हजेरी घेतली. जो आला नव्हता त्याचंही नाव घेऊन ते तेवढंच थांबत, एक 'हजर' मावेल इतकं. मग पुढचं नाव. पंधरा वेळा असं झालं. त्या पंधरा गोलांत कुणी पाय ठेवला नाही; सायकल मात्र एकात ठेवली होती, ती मास्तरांनी काढायला लावली. मग कारकुनाने प्रत्येकाला एक केळं दिलं. ते मंजूर होतं.

"सावधान!" मास्तर म्हणाले. आवाज सुईसारखा बारीक झाला होता, पण बावीस पाठी ताठ झाल्या. कुणाच्या तरी गुडघ्याने कडकन सलामी दिली.

साडेआठला टिल्लूला पहिली जाणीव झाली. नवाला तो मनात वजनं रचू लागला, मोठ्यापासून लहानापर्यंत. सव्वानवाला उलटी रचू लागला. साडेनवाला एक पाण्याचा टँकर गळत गळत अगदी शेजारून गेला आणि टिल्लूने डोळे घट्ट मिटून घेतले.

"जाऊन ये की," मागून भिंगरी कुजबुजली.

"नाही."

"मागच्या खेपेसारखा. मी केळं धरते."

टिल्लूच्या हातातलं केळं खाली पडलं. "तुला माहीत होतं?"

"अख्ख्या रांगेला माहीत होतं! वाकून पळत होतास, जसा काही कुणाला दिसतच नाहीस. वाकायची काय गरज होती रे? तू तसाच कुठे दिसत होतास?"

मागच्या बँकेच्या साहेबाला हसू आवरेना.

"मग कुणी बोललं का नाही?"

"चहाड्या कोण करणार? आम्ही काय ब वर्गातले होतो?"

टिल्लूने मान किंचित मागे वळवली. "आणि गाडी? मी तिकडे असताना गाडी आली ना?"

"आली की. पावाची."

"कुठली?"

"पावाची गाडी! रोज दीडला यायची कोपऱ्यावरच्या दुकानात. तू काय समजलास?"

त्रेचाळीस वर्षांचं ओझं पावाच्या गाडीवर टाकायला टिल्लूचं मन धजेना. भिंगरी काय, लहानपणापासून काहीही ठोकून द्यायची. खरं फक्त मास्तरांना ठाऊक असणार. आणि एव्हाना वजनं रचून काही उपयोग होत नव्हता. त्याने एक पाय गोलाबाहेर टाकला, मग दुसरा. या वेळी तो वाकला नाही. सरळ चालत मास्तरांपुढे जाऊन उभा राहिला आणि करंगळी वर केली.

"मास्तर, जाऊ?"

मास्तरांनी मान वर करून, पार वर करून त्याच्याकडे पाहिलं. "जा की. एवढं विचारायला कशाला घाबरतोस?"

"मास्तर, मागच्या वेळी मी न विचारता गेलो होतो. तेव्हाच पाहुणे येऊन गेले का?"

मास्तरांचा हात शिट्टीकडे गेला, तिथून खिशाकडे गेला आणि परत आला. "कारकून," त्यांनी हाक मारली, "ती चिठ्ठी दाखवा याला."

कारकुनाने फाईलमधली चिठ्ठी काढली. भेट पुढे ढकलली आहे, एवढाच मजकूर. खाली मास्तरांची सही, मिळाल्याची. आणि वेळ: सकाळी सव्वानऊ.

"सव्वानऊला?" टिल्लू म्हणाला. "मग आम्ही संध्याकाळपर्यंत..."

"माझी चूक." मास्तर रस्त्याकडे बघत बोलले. "चिठ्ठी हातात घेतली आणि तुमच्याकडे बघितलं. तू पुढे, ओठ हलवत वाक्य म्हणत होतास. मला सांगवेना रे. म्हटलं, पाच मिनिटांनी सांगू. मग म्हटलं, अजून पाच. दुपार झाली तेव्हा वाटलं, आता कुठल्या तोंडाने सांगू? पुढे दरवर्षी वाटायचं, या पोरांना बोलवावं आणि सांगावं. आणि दरवर्षी म्हणायचो, अजून थोडं थांबू."

टिल्लूला राग यायला हवा होता, तो काही येईना. इतकी वर्षं आपण दोघं दोन बाजूंनी एकच पारडं खाली ओढत बसलो होतो, एवढंच त्याला समोर दिसलं.

"आधी जाऊन ये," मास्तर म्हणाले. "पाय बघ कसे नाचतायत."

कोठार कधीच पाडलं होतं. तिथे आता टाईल्सचं दुकान होतं, आणि दुकानात टाईल्स बसवून दाखवलेलं एक नमुन्याचं न्हाणीघर. दुकानदाराने खूप समजावलं की तिथे नळ जोडलेला नाही. पण टिल्लूचा चेहरा बघून त्याने शेवटी मागची खरी जागा दाखवली.

आणि टिल्लू तिथे असताना बाहेर गाडीचा आवाज आला. आली, थोडी थांबली, गेली.

तो धावत रस्त्यावर आला तेव्हा काळी, लांबलचक, मागची सीट रिकामी असलेली गाडी कोपऱ्यावर वळत होती. कारकून फाईलवर वाकून लिहीत होता. "पाहुणे नव्हते, तुम्हीही नव्हतात," तो समाधानाने म्हणाला. "दोन्ही बाजू सारख्या. आता कुणाची तक्रार नको."

"आली होती रे!" भिंगरी ओरडली. "तुझ्या गोलासमोर थांबली! ड्रायव्हरने मला विचारलं, पहिला कुठे गेला? मी म्हटलं, येईल, थांबा. तो म्हणाला, थांबायचं मंजूर नाही."

सगळी रांग टिल्लूकडे बघत होती. टिल्लूने वाट पाहिली, की आता पोटात गोळा येईल. आला नाही. पोट हलकं होतं.

तो आपल्या गोलात जाऊन उभा राहिला. "मास्तर," तो म्हणाला, "जरा इथे समोर या."

मास्तर आले. गाडी जिथे थांबली होती तिथे, तेलाच्या ताज्या डागाशेजारी उभे राहिले. टिल्लूने टोपी काढली, हात मांड्यांना चिकटवले.

"पाहुणे," तो मोठ्याने म्हणाला, "आम्ही लहान आहोत, पण रोज थोडे थोडे वाढत आहोत. तोवर आम्हाला सांभाळून घ्या."

एकही शब्द चुकला नाही. मास्तरांनी मान हलवली, गणित बरोबर आल्यावर हलवायचे तशी. मग शिट्टी ओठांना लावली, पण फुंकर पुरेना, म्हणून ती खाली सोडून त्यांनी नुसतंच म्हटलं, "विश्राम."

बावीस जणांनी श्वास सोडला. दातांचा डॉक्टर होता तिथेच रस्त्यात बसला. कारकुनाने फाईलला नवी नाडी बांधली, मग ती बगलेत धरून उगाच इकडे तिकडे फिरत राहिला, कारण आता त्याला करायला काही उरलं नव्हतं. गाड्या वळसे घालत राहिल्या. टिल्लू मात्र हलला नाही. इतक्या वर्षांनी विश्राम मिळाल्यावर पाय नेमके कुठे ठेवायचे, हे त्याच्या लक्षात येत नव्हतं.

तेवढ्यात गाड्यांमधून वाट काढत, हातातली छत्री समोरच्या ड्रायव्हरांवर उगारत आई आली.

"टोपी काढलीस ना? मला ठाऊक होतं!"

तिने हात वर केला. तो त्याच्या खांद्याच्याही खालीच राहिला. टिल्लू समजला. तो कमरेत वाकला, आणखी वाकला, आणि कान तिच्या हाताशी नेला. आईने तो नीट धरला आणि चालू लागली.

"या खेपेला तरी आले का रे तुझे पाहुणे?"

"आले होते," टिल्लू वाकल्या वाकल्या म्हणाला. "पण मी नेमका तेव्हा..."

"कळलं," आई म्हणाली. "नेहमीचंच तुझं."